लाखनीचा चित्रकार आणि आपली भिंत



नागपूरहून रायपूरकडं जाणारा मोठा रस्ता भंडारा ओलांडून लाखनीवरून साकोलीला जातो. ट्रकवाले लाखनीला चहा घेतात आणि निघतात. आपणही मोर्चाला, परिषदेला जाताना तेच करतो. या लाखनीत 1928 साली एक माणूस जन्मला. चित्रकार झाला. नागपुरात राहून काम केलं. 1991 साली गेला. भाऊ समर्थ त्याचं नाव. तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करा म्हटलं तर दोन-तीन हात वर येतील, आणि त्यातला एक बाजूच्या मित्राचा हात पाहून वर आलेला असेल.

आपण जिल्ह्याचा इतिहास सांगताना 1954 सांगतो. बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि त्यांना पाडण्यात आलं. ते सांगितलंच पाहिजे. तो डाग या जिल्ह्याच्या कपाळावर आहे आणि धुतल्यानं जाणार नाही. त्या वर्षी भाऊ समर्थ सव्वीस वर्षांचे होते. म्हणजे आपल्या आज्या-आजोबांनी बाबासाहेबांची सभा ज्या उन्हात ऐकली, त्याच उन्हात वाढलेला हा माणूस. मग त्याची गोष्ट आपल्या इतिहासाच्या वहीत कामून नाही?

कोणी म्हणेल, चळवळीला चित्रकाराचं काय करायचं? पोटाला भाकर नाही, जमिनीचा सातबारा नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि हा रंगाच्या गोष्टी सांगतो. ठीक आहे. मी बोर्ड रंगवून पोट भरलेला माणूस आहे. रंग म्हणजे मला हौस नव्हती, मजुरी होती. म्हणून मला दोन शब्द बोलू द्या.

भाऊ समर्थांची चित्रं अर्धअमूर्त म्हणतात त्या प्रकारची. हा शब्द ऐकला की आपली पोरं मागं सरकतात. वाटतं, हे पांढरपेशांचं काम, गॅलरीत हनुवटीला हात लावून उभं राहायचं काम. तर आधी या शब्दाचाच निकाल लावू. मूर्त म्हणजे डोळ्याला दिसतं तसं. अमूर्त म्हणजे वस्तू उरतच नाही, रंग, रेघ आणि आकार एवढंच उरतं. या दोन्हींच्या मधली जागा ती अर्धअमूर्त. चित्रात माणूस आहे, बाई आहे, घर आहे, पण फोटोतल्यासारखं नाही. चित्रकार नको ते काढून टाकतो, हवं ते ठेवतो, आणि ठेवलेलं ताणून मोठं करतो.

यात विलायती काय आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडं तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडाचे बैल घेऊन निघतात. चार पाय, मान, वशिंड, शिंगं, आणि खाली चाकं. कोणत्या बैलाला चाकं असतात गा? पण एकही पोरगं विचारत नाही की हा बैल असा कसा. सुतारानं बैलाची कातडी सोडली, केस सोडले, शेपटीचा गोंडा सोडला. बैलपण ठेवलं. तेवढ्यावर अख्खं गाव त्याला बैल म्हणतं आणि आरती ओवाळतं. अर्धअमूर्त ते हेच.

दुसरं सांगतो. माझी माय बिड्या वळायची. आपल्या जिल्ह्यात हजारो घरांत हेच चालायचं. सुपात तेंदूपान, तंबाखू, सूत. कारखान्याचा माणूस माल मोजताना खराब खराब म्हणून मूठ-मूठ बिड्या बाजूला काढायचा आणि त्याचे पैसे द्यायचा नाही. मायला अक्षर येत नव्हतं. पण तिनं आपला हिशेब आपल्या भिंतीवर ठेवला होता. हजार बिड्या झाल्या की कोळशाची एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. त्या रेघेत बिडी दिसत नव्हती. पण मायच्या पाठीतला सगळा दिवस त्या एका रेघेत होता. मला अमूर्त कोणी शिकवलं असं विचाराल तर मी त्या भिंतीचं नाव घेईन.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं. आपल्याच जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. 1969-70 च्या सुमाराला तिथं उत्खनन झालं आणि जमिनीखालून बौद्ध स्तूप निघाले. दोन हजार वर्षांपूर्वीची कोरीव कामं निघाली. त्यात मुचलिंद नाग आहे, भगवंतावर फणा धरणारा. पण त्या काळाच्या बौद्ध कलेत भगवंताची मूर्ती काढत नसत. सांची पाहा, भारहूत पाहा. बोधिवृक्ष आहे, त्याखाली रिकामं आसन आहे. चक्र आहे. पावलांचे ठसे आहेत. बुद्ध कुठं आहे? त्या रिकाम्या आसनावर. ज्याला कळायचं त्याला कळत होतं, आणि पाहायला येणारे काही सगळे पंडित नव्हते. शेतकरी होते, कारागीर होते, भिक्षुणी होत्या. त्यांना ‘कळत नाही’ असं कोणी म्हटल्याचं शिल्प काही अजून सापडलेलं नाही. बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं हे सांगताना नागलोकांची आठवण दिली होती. त्या नागांचा फणा पवनीच्या दगडात आहे. म्हणजे न दाखवता दाखवायची कला आपल्या घरची आहे. ती परक्याची समजून आपणच दाराबाहेर ठेवली.

आता लाखनीच्या माणसाकडं येऊ.

त्या काळात चित्रकार व्हायचं म्हणजे मुंबई गाठायची हा रिवाज. नागपूरच्या बाजूनं गेलेले दोघे सगळ्या जगाला ठाऊक आहेत. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले. नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मुंबईला गेले, 1950 साली पॅरिसला गेले. वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पुढं दिल्लीत राहिले, 2001 साली गेले. 2021 साली गायतोंड्यांचं एक चित्र लिलावात जवळजवळ 40 कोटी रुपयांना गेलं. चाळीस कोटी. आमच्या आळीतल्या सगळ्या घरांचे सगळे जन्म विकले तरी तेवढे होणार नाहीत. या दोघांचा मला राग नाही. रझा-गायतोंडे मोठेच. पण पाहा, मोठं व्हायचं तर नागपूर सोडायचं, हा नियम कोणी केला? चित्राचा बाजार जिथं आहे तिथं चित्रकार मोठा होतो. बाजार नसलेल्या गावात तेवढाच ताकदीचा माणूस ‘स्थानिक कलावंत’ म्हणून मरतो. गावकूस काय फक्त गावालाच असते? कलेलाही असते.

भाऊ समर्थ नागपुरात राहिले. आणि नागपूर तेव्हा कोणत्या अवस्थेत होतं ते लक्षात घ्या. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी. मराठी आणि हिंदी एकाच रस्त्यावर चालायच्या. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. राजधानी गेली. कचेऱ्या भोपाळला गेल्या, त्यांच्यामागं हिंदीवाले गेले. आणि याच्या अठराच दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना बुद्धाच्या वाटेवर आणलं. एका महिन्यात एका शहरानं राजधानी गमावली आणि धम्म कमावला. प्रस्थापितांच्या इतिहासात पहिली गोष्ट ठळक अक्षरात, दुसरी तळटीप. आपल्या इतिहासात उलटं.

त्या नागपुरात गजानन माधव मुक्तिबोध होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदी. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी. गजाननराव 1948 ते 1958 अशी दहा वर्षं नागपुरात राहिले. ‘नया खून’ या साप्ताहिकात काम केलं. पैशाची ओढाताण कायमची. एम्प्रेस मिलच्या कामगारांचं नागपूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. भाऊ समर्थ या मुक्तिबोधांच्या मित्रमंडळातले. तेही मराठी घरचे, आणि तेही हिंदीत लिहीत. चित्र आणि समाज यांचं नातं काय, या प्रश्नावर लिहीत राहिले. त्यांची रेखाटनं छोट्या मासिकांतून फिरली. 1958 साली मुक्तिबोध राजनांदगावच्या कॉलेजात गेले. नागपूरहून राजनांदगावला जाणारा रस्ता कोणता? तोच. भंडारा, लाखनी, साकोली, देवरी. 1962 साली त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. 1964 साली ते गेले. पहिला कवितासंग्रह हातात घ्यायलाही राहिले नाहीत.

मी भाऊ समर्थांना भेटलो नाही. त्यांची रेघ मला सीताबर्डीच्या फुटपाथवर भेटली. मी नागपुरात एका बोर्ड रंगवणाऱ्याकडं कामाला होतो. रद्दीवाल्याकडं जुनी हिंदी मासिकं वजनावर मिळायची. ब्रश पुसायला कागद लागायचे म्हणून आणायचो. एका अंकातल्या रेखाटनाखाली नाव होतं भाऊ समर्थ. मालक म्हणाला, हा तुमच्याच भंडाऱ्याकडचा, लाखनीचा. मी ते पान ब्रश पुसायला वापरलं नाही. एवढंच. त्यात चमत्कार काही नव्हता. पण लाखनीच्या माणसाची रेघ हिंदी मासिकात छापून येते, आणि ती रेघ कोणाला आवडावी म्हणून गोंडस झालेली नाही, हे बघून मला बरं वाटलं. रेघ मोकळी होती. पोट भरायला काढलेल्या रेघेत आणि त्या रेघेत फरक असतो. बोर्ड रंगवणाऱ्याला तो लगेच कळतो.

तो फरक मला शाळेतच कळला होता, हेही सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसणार होतो. एलिमेंटरी. त्यात स्मरणचित्र असतं. सरावाला विषय दिला, ‘विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका’. स्मरणचित्र म्हणजे आठवणीतलं चित्र. मी आठवलं तसं काढलं. विहिरीच्या काठावर चार बाया, आणि पंधरा पावलांवर, चित्राच्या अगदी कोपऱ्यात, तीन बाया मडकी खाली ठेवून उभ्या. मधे रिकामी जागा. ड्रॉइंग मास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चित्र तुटतंय. मधली जागा मेलेली आहे. सगळ्या बाया एकत्र घे, रचना जमेल.’’

मास्तर वाईट माणूस नव्हता. रचनेचा नियम सांगत होता. पुस्तकात तसंच लिहिलेलं असेल. पण दोस्तहो, त्या कोपऱ्यात माझी माय उभी होती. कोणी वरून पाणी ओतेल म्हणून ती तासभर उभी राहायची. मधली जागा मेलेली नव्हती. ती जागाच तर विषय होता. तुमच्या सौंदर्यशास्त्राला जिथं रचना तुटलेली दिसते, तिथं आमचं गाव तुटलेलं असतं. मी बाया एकत्र घेतल्या नाहीत.

पुढं कळलं की हाच प्रश्न भाऊ समर्थांसारखे चित्रकार आयुष्यभर सोडवतात. दिसतं ते गोड जमवून काढायचं, की जे खरं आहे त्यासाठी रचना मोडायची? अर्धअमूर्त चित्रात चित्रकार जागा मोडतो, अंग मोडतो, हात लांब करतो, तोंड काढून टाकतो. त्याला नीट काढता येत नाही म्हणून तसं करतो, असा समज आहे. बोर्डावर हुबेहूब डोळा काढणं मेहनतीनं कोणालाही येतं. मी शेकडो काढले. काय काढायचं नाही हे ठरवायला मात्र छाती लागते.

आता आपल्या भिंतीविषयी बोलू. मी या जिल्ह्यातल्या किती गावांत बाबासाहेब रंगवले त्याची मोजदाद नाही. आधी चौकटी आखायच्या. फोटोवर लहान, भिंतीवर मोठ्या. मग चष्मा, मग कपाळ, मग निळा कोट, हातात संविधान. चुन्यात नीळ कालवून जो रंग होतो तो आपला निळा. 14 एप्रिलच्या आधी पंधरा दिवस हात वर करून करून खांदा निखळायचा. त्या चित्रांची किंमत मला कोणी सांगू नये. असे गाव मी पाहिले आहेत जिथं ते एक चित्र लागलं म्हणून दगड आले, बहिष्कार पडला, आणि तरी चित्र उतरलं नाही. ते चित्र म्हणजे आमचा दस्त होता. आम्ही इथं आहोत, याचा दस्त. जो माणूस म्हणतो की भिंतीवरचे बाबासाहेब ही कला नाही, त्यानं एकदा त्या शिडीवर चढून बघावं, खाली काठ्या घेऊन लोक उभे असताना.

पण दस्त एकदा झाला की घरात राहायला लागायचं असतं. घरात रडायचं असतं, हसायचं असतं, पोरांना गोष्टी सांगायच्या असतात. नुसता दस्त वाचत कोणी जगत नाही.

गेल्या वर्षी आपल्या विशेषांकाच्या मुखपृष्ठावरून वाद झाला तो तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. मंडळातल्या एका पोरानं चित्र आणलं होतं. वाकलेली पाठ. पाठीवर ओझं. ओझ्याची आणि पाठीची रेघ एकच, कुठं पाठ संपते आणि कुठं ओझं सुरू होतं ते सांगता येत नाही. तोंड नाही. सगळे म्हणाले, कळत नाही. पब्लिकला कळलं पाहिजे. फोटो टाका. मी विरोधात बोललो, मतं पडली, आम्ही दोघं-तिघं हरलो. बहुमत मान्य केलं. फोटो छापला. पण तो पोरगा त्यानंतर चित्र घेऊन आला नाही.

‘कळत नाही’ हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या लेखकांनी पहिल्यांदा आपल्या भाषेत लिहिलं तेव्हा सदाशिवपेठेनं हेच म्हटलं. हे शब्द कळत नाहीत, ही कविता नाही, हे साहित्य नाही. तेव्हा आपण काय उत्तर दिलं? कळत नसेल तर शिका, आमच्या वस्तीत या. मग आपल्याच पोराच्या रेघेला आपण तेच म्हणायचं?

आणि पब्लिक पब्लिक काय लावलंय? सायक्लोस्टाइलच्या काळात आपण स्टेन्सिलवर चित्रं काढायचो. मेणाच्या कागदावर टोकदार सळईनं रेघ. छाया देता यायची नाही, रंग नाही, जास्त दाबलं की कागद फाटायचा. म्हणून कमीत कमी रेघांत मूठ काढायची, मशाल काढायची, वाकलेला माणूस काढायचा. त्या चित्रांत नाक-डोळे कुठं होते? तरी वस्त्यावस्त्यांत लोकांनी ते अंक हातोहात नेले. आपली गरिबीच आपल्याला अर्धअमूर्त शिकवत होती. आता रंगीत फ्लेक्स स्वस्त झाला. एका रात्रीत चाळीस चेहरे छापून मिळतात. चेहरे वाढले, रेघ गेली.

आता एक जड गोष्ट लिहितो. खैरलांजी आपल्याच जिल्ह्यात आहे, मोहाडी तालुक्यात. 29 सप्टेंबर 2006. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. आई, मुलगी, दोन मुलं. त्या प्रेतांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. ते फोटो फिरले म्हणून तर लोक रस्त्यावर आले. फोटो नसते तर गाव, पोलीस, पुढारी सगळ्यांनी मिळून ती गोष्ट बुजवली असती. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. 2010 साली हायकोर्टानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम मात्र लागलं नाही. जात दिसली नाही म्हणे.

तर फोटो पुरावा होता. पुराव्याचं काम त्यानं केलं. पण आज इतक्या वर्षांनी आपण दर सप्टेंबरात तेच फोटो बॅनरवर मोठे करून लावतो. त्या माउलीचं, त्या लेकीचं उघडं दुःख चौकात टांगतो, खालून मोटारी जातात. ती आपली माणसं. आपल्या घरात कोणी गेलं तर आपण त्याचा असा फोटो लावतो का? इथं दुसरं चित्र लागतं. शाळेत जाणारी सायकल असेल, भातशेताचा बांध असेल, चार रिकामी आसनं असतील. तोंड न दाखवता त्यांचा मान ठेवणारं, आणि पाहणाऱ्याच्या पोटात कालवणारं. पवनीच्या कारागिराला ते जमलं होतं. रिकामं आसन ठेवून त्यानं दोन हजार वर्षं पाहणाऱ्याला विचार करायला लावलं. लाखनीच्या चित्रकाराची वाटही त्याच बाजूची होती. माणूस सोडायचा नाही, आणि माणसाचं प्रदर्शनही मांडायचं नाही.

मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्यांत आपली माणसं भरपूर आहेत, हेही पाहा. डोक्यावर पाट्या घेतलेली बाई, फाटक्या लुगड्यातली म्हातारी, उघडं पोरगं. सुंदर प्रकाश, सुंदर सुरकुत्या. विकत घेणारा दिवाणखान्यात लावतो आणि ज्या बाईचं चित्र आहे तिला मागच्या दारानं आत घेतो. हुबेहूबपणाचा असाही धंदा आहे. ज्या चित्रात गरिबाचं तोंड इतकं स्वच्छ दिसतं, त्यात पाहणाऱ्याचं तोंड लपून जातं. तोंड काढून टाकलेलं चित्र पाहणाऱ्याला लपू देत नाही.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडतो. भाऊ समर्थ आंबेडकरी चळवळीचे चित्रकार नव्हते. खरं आहे. आणि पुरोगामी, समाजवादी, साम्यवादी वर्तुळांविषयी आपला जुना सवाल आहे, की तुम्हाला वर्ग दिसतो, वर्ण दिसत नाही. गिरणीतला कामगार दिसतो, त्याच गिरणीत कोणाला कोणत्या खात्यात शिरू देत नाहीत ते दिसत नाही. हा सवाल मागं घ्यायचं कारण नाही. मी भाऊ समर्थांची तसबीर करून तुमच्या मंचावर आणत नाही. आपल्याला तसबिरी पुष्कळ आहेत. मी एवढंच म्हणतो की बाजारापासून दूर, आपल्याच नागपुरात, दोन भाषांत पाय ठेवून, चित्र आणि समाज यांचा विचार करत एक माणूस आयुष्य काढू शकला. त्याची जिद्द आपण घेऊ. त्यात जे नाही ते आपण आपल्या रेघेनं भरू.

आणि भरणारे आहेत. सवी सावरकर 1961 साली नागपुरात जन्मले. आपल्याच वस्तीच्या आगीतून आलेले. त्यांनी देवदासी काढली, गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य काढला. त्यांच्या रेषेत माणूस वाकडा आहे, काळा आहे, ओरबाडलेला आहे. गोंडस नाही आणि हुबेहूबही नाही. पण पेशवाईत काय होतं ते दहा भाषणांत सांगून होत नाही ते त्यात दिसतं. पुढं ते दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवायला गेले. म्हणजे आपल्या माणसाच्या हातात ती भाषा आली की ती काय करू शकते, याचा पुरावा आहे. बाबासाहेब स्वतः शेवटच्या काळात चित्रकला शिकत होते, व्हायोलिन शिकत होते. संविधान लिहिलेल्या हाताला कुंचला धरायला वेळ होता. आपल्याला सभेनंतर अर्धा तास नाही?

म्हणून कामाचं बोलतो. लाखनी, साकोली, भंडारा आणि नागपूरच्या वाचनालयांत, जुन्या हिंदी-मराठी मासिकांच्या गठ्ठ्यांत भाऊ समर्थांची रेखाटनं पडली आहेत. वाळवी आपल्यापेक्षा जास्त वाचते. सुट्टीत दोघा-तिघांनी बसून ती शोधा, अंकाचं नाव आणि साल लिहून ठेवा, नकला काढा. पुढच्या शिबिराला पोरांना घेऊन पवनीला जा. टेकडीवर उभं राहून रिकाम्या आसनाची गोष्ट सांगा, तुम्हाला भाषणाची गरज पडणार नाही. आणि येत्या जयंतीला मोठ्या भिंतीवर बाबासाहेब काढा, मीही शिडी धरायला येतो. पण बाजूची एक लहान भिंत कोरी ठेवा. तिथं वस्तीतल्या पोरापोरींना कोळसा, गेरू, नीळ द्या. विषय देऊ नका. रचना शिकवू नका. काढतील ते पुसू नका.

एखादी पोरगी विहीर काढील आणि मधली जागा रिकामी ठेवील. तिला विचारू नका की ही जागा मेलेली का आहे. तिथं थांबा आणि पाहा, कोपऱ्यात कोण उभं आहे ते.